रेंच खोटा, आटे गेले, आणि शहाणपण उशिरा आलं

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण शेवटी.

दिवाळीनंतर वडिलांची 100 सीसीची जुनी गाडी घरीच खोलली. याच गाडीवर ते रोज डेअरीला दूध घालतात. धूर मारत होती, तेल पीत होती. नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं आणलं. आणि या वेळी काम शास्त्रशुद्ध करायचं म्हणून 1,100 रुपयांचा टॉर्क रेंचही घेतला. ठरवलेल्या ताकदीला पोचलं की 'कट्' आवाज करतो तो.

मॅन्युअलात हेडच्या नटांना 20 न्यूटन मीटर लिहिलं होतं. रेंच 20 वर लावला. तीन नट झाले. चौथ्याला हाताला जड लागलं. मन म्हणालं, थांब. पण आवाज आला नव्हता, म्हणून आणखी ओढलं. शेवटी कट् वाजलं आणि मी खूश.

12 दिवसांनी हेडच्या कोपऱ्यातून तेल गळायला लागलं, सोबत फुसफुस आवाज. पुन्हा सगळं खोललं, तर चौथ्या स्टडचे ॲल्युमिनियममधले आटेच उपटून आलेले. तो कोपरा दाबच धरत नव्हता. लेथवाल्याकडून त्या भोकात स्टीलचे नवे आटे बसवून घेतले, परत गॅस्केट, परत तेल. 1,900 रुपये गेले, आणि 9 दिवस वडील सायकलला किटल्या अडकवून डेअरीला गेले. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आधी वाटलं, आपलाच हात जड. मग शेजारच्या किराणा दुकानातून वजनं मागून आणली. रेंचचं चौकोनी टोक वाइसमध्ये धरलं, दांडा आडवा ठेवला आणि मध्यापासून 30 सेंटीमीटरवर वजनं टांगली. हिशोब शाळेतलाच आहे. 20 न्यूटन मीटरला तिथं 6.8 किलो पुरतात. 6.8 ला गप्प. 8 ला गप्प. 9 किलोला कट्! म्हणजे 20 सांगून हा पठ्ठ्या 26 च्या वर ओढायला लावत होता. आयएसओ 6789 या मानकात एवढ्या ताकदीला 4 टक्के इकडंतिकडं चालतं. इथं 30 टक्क्यांच्या वर गेलं.

दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, "साहेब, तुम्हाला वापरता येत नाही."

आता मुद्दा. माझा खोटा रेंच कुणी पकडला? किराणा दुकानातल्या लोखंडी वजनांनी. का? कारण त्यांच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का होता. ती 2 वर्षांतून एकदा तपासून घ्यावीच लागतात, इलेक्ट्रॉनिक काटा तर दर वर्षी. कायदा आहे, 2009 चा. माझ्या रेंचवर मात्र ना शिक्का, ना तपासणीचा कागद. आणि असलेच पाने घेऊन गल्लोगल्ली पोरं आपल्या गाड्यांच्या चाकांचे नट आवळतात. नट जास्त आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर चाक जातं.

मोजमाप नसेल तर माणूस सावध तरी राहतो. खोटं मोजमाप त्याला बिनधास्त करतं. माझा हात खरं सांगत होता, मी आकड्यावर विश्वास ठेवला. ऊस काट्यावर घालणारा शेतकरी वेगळं काय करतो? ट्रॉली भरताना त्याला अंदाज असतो, पण काट्यावर आकडा दिसला की बोलणं खुंटतं. 10 टनाच्या ट्रॉलीत 1 टक्का मारला तर 100 किलो जातात. टनाला 3,000 धरले तरी खेपेला 300 रुपये. काटामारीची तक्रार हंगामाला नवी नाही. शिक्का आहे म्हणून तिथं निदान दाद मागता येते. तो शिक्का वेळेवर आणि प्रामाणिकपणे मारला जातो का, हे विचारणं आपलं काम.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक, मोजणारं कुठलंही हत्यार विकताना तपासणीचा कागद सक्तीचा करा. दोन, तालुक्याच्या आयटीआयमध्ये महिन्यातून एक दिवस गॅरेजवाल्यांची हत्यारं नाममात्र पैशात तपासून द्या. पोरांना शिकायलाही मिळेल.

तोवर आपण एवढं करूया. दुकानातल्या काट्यावरच्या शिक्क्याचं वर्ष बघा. पेट्रोल पंपावर शंका आली तर 5 लिटरचं माप मागा, ते ठेवणं बंधनकारक आहे. आणि नवा रेंच घेतला तर इंजिनाला लावण्याआधी वजन टांगून बघा.

गाडी आता झकास चालते. दूध वेळेवर जातं. रेंच भिंतीला टांगलाय, त्यावर खडूनं लिहिलंय : 'खोटं बोलतो'.

तुमच्या भागात काटा, मीटर, माप यांचा असा अनुभव असेल तर खाली लिहा. फक्त स्वतः पाहिलेलंच लिहा, ऐकीव नको.