डोंगर, नदी आणि ओंजळभर पाणी

परीक्षा संपत आल्या की आम्हाला दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. रविवारी विहारात वंदना आटोपली की एखादी माता बाजूला बोलावते आणि म्हणते, "भाऊ, पोरगा कॉलेजातल्या पोरांबरोबर डोंगरावर जायचं म्हणतोय. नदीकाठी तंबू ठोकून राहणार म्हणतोय. पाठवू का नको?" तिच्या या प्रश्नात खर्चाची काळजी असते, पाण्याची भीती असते. आणि जे ती उघड बोलत नाही तेही असते. बरोबरची पोरे कुणाची? वाटेत कुणी जात विचारली तर? कुणी टाकून बोलले तर?

एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर आम्हाला स्पष्टच सुनावले, "आमच्या बापजाद्यांचा जन्म डोंगरातून लाकडाच्या मोळ्या वाहण्यात गेला. आता शिकल्यासवरल्या पोरांनी पुन्हा डोंगर कशाला चढायचा? ही श्रीमंतांची थेरं!"

बोल कडू असले तरी रास्त आहेत. म्हणून आजच्या सदरात याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आपल्या समाजाने डोंगर-दऱ्या पाहिल्या नाहीत असे नाही. पण पाहिल्या त्या डोक्यावर ओझे घेऊन. आनंदासाठी, ज्ञानासाठी, मित्रांच्या संगतीत प्रवास करावा, हे सुख आपल्या वाट्याला उशिरा आले. आणि जेव्हा आले तेव्हा वाटेत पाणी आडवे आले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच आपल्या दोन प्रवासांची हकीकत लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती पुढे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. प्रत्येक घरात ती वाचली गेली पाहिजे.

पहिला प्रवास १९०१ सालचा. रामजी सुभेदार तेव्हा सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, नव्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे! बाळ भीमराव आणि बरोबरची भावंडे केवढ्या हौसेने निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने विचारपूस केली आणि 'आम्ही महार' हे शब्द कानी पडताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. रात्र पडली. डब्यात जेवण होते, पण पाणी नव्हते. जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, बाळ भीमराव उर्दूत बोलला, तरी पाणी मिळाले नाही. पोरे तशीच उपाशी झोपली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर या सहलीने जे कोरले, ते आयुष्यभर पुसले गेले नाही.

दुसरा प्रवास १९३४ सालचा. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीचा बेत केला आणि बाबासाहेबांनीही बरोबर यावे असा हट्ट धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. सुमारे तीस जण मोटारीने निघाले. अडचणी टाळण्यासाठी साधे प्रवासी म्हणून, ओळख न देता जायचे असे ठरले होते. दौलताबादला मात्र आपल्या लोकांना आगाऊ खबर होती. ते गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभे होते. चहा घ्या म्हणाले. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहावा म्हणून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी हात-पाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, हेच तुमचा धर्म शिकवतो काय? उद्या हा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी अडवाल काय? तेव्हा गर्दी गप्प झाली. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, परंतु आत कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर. त्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्या महामानवाने आपल्या हजारो बांधवांसह प्राशन केले, त्याच्याच मागे सात वर्षांनी पाण्यावर पहारा! वाचकहो, सहल हा चैनीचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांनी या दोन हकीकतींचा विचार करावा. घरात आणि आपल्या वाडीत माणसाला आपले स्थान कळत नाही. ते परक्या वाटेवर तहान लागली की कळते.

आता थोडे आमच्याविषयी. सन २००० च्या एप्रिलात, बी.कॉम.ची शेवटची परीक्षा देऊन आम्ही पाच मित्र पन्हाळेकाजीला निघालो. आम्ही दोघे बौद्ध, एक कुणबी, एक भंडारी आणि एक मुसलमान. दापोलीहून ही लेणी सुमारे तीस किलोमीटरवर आहेत. काही वाट एस.टी.ने गेलो, उरलेली पायी. घरून आणलेली भाकरी, सुकट, तांदूळ, एक पातेले, एक बॅटरी आणि मागून आणलेली ताडपत्री एवढाच संसार. कातळावरचे ऊन, करवंदीच्या जाळ्या आणि दुपारपर्यंत रिकाम्या झालेल्या बाटल्या.

वाटेत एका वाडीत पाणी मागितले. पडवीत बसलेल्या एका वृद्धाने तांब्या आणला आणि रिवाजाप्रमाणे गाव, आडनाव विचारले. आमच्या आडनावावरून त्यांना उलगडा होईना, म्हणून वाडी विचारली. आम्ही दोघांनी 'बौद्धवाडी' असे सांगितले. ते क्षणभर थांबले. तांब्या आमच्या कुणबी मित्राच्या हाती दिला आणि आम्हा दोघांना म्हणाले, "तुम्ही ओंजळ धरा." आम्ही काही बोलण्याच्या आतच आमच्या मित्राने तोंडाला लावायला उचललेला तांब्या त्यांच्या हाती परत दिला, खाली वाकला आणि आमच्या शेजारी ओंजळ धरून उभा राहिला. मग भंडारी मित्र, मग मुसलमान मित्र. पाच ओंजळी पुढे आलेल्या पाहून म्हातारबाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घातले. कुणी कुणाला एक शब्द बोलले नाही.

त्या वृद्धाला आम्ही वाईट म्हणणार नाही. तहानलेल्याला त्यांनी पाणी नाकारले नाही. त्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले तेच त्यांनी केले. पण आमच्या मित्रालाही घरी तेच शिकवले गेले होते, हे विसरता येत नाही. कॉलेजात तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो, एका कॅन्टीनचा चहा प्यालो. त्या तीन वर्षांत जे कळले नाही ते त्या पडवीत कळले.

रात्री कोटजाई नदीच्या काठी, पाण्यापासून दूर उंचवट्यावर ताडपत्री बांधली. पाचांचा भात एका पातेल्यात शिजला. जेवणे झाल्यावर आम्ही दौलताबादची हकीकत सांगितली. तिघांनी ती पूर्वी ऐकलेली नव्हती. मुसलमान मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चूक त्या म्हाताऱ्याची होती. धर्माचं नाव घेऊन केली म्हणून ती बरोबर होत नाही." नदीकाठी, अंधारात, घाई नसताना अशी बोलणी होतात. घरी आणि वर्गात ती होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. पन्हाळेकाजी म्हणजे प्राचीन प्रणालक. येथे एकूण २९ लेणी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी त्यांचा अभ्यास करून १९८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्खूंनी ही लेणी कोरण्यास आरंभ केला. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात येथे वज्रयान पंथ नांदला. त्यानंतर शिलाहार काळात शैव व गाणपत्य आले, मग नाथपंथी आले. एका लेण्यात तर चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती आहेत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्या दापोलीत सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ राहिले त्याच तालुक्यात, बुद्धाचा धम्म सुमारे सतराशे वर्षांपूर्वी नांदत होता, हे आमच्या मुलांना पुस्तकातून किती कळेल? कातळावर हात ठेवला की कळते.

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू वर्षावासासाठी एका जागी थांबत, एरवी चालत. कोकणातल्या आणि घाटातल्या लेण्यांजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात. कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. उपासक-उपासिका ही टाकी दान म्हणून खोदवून घेत. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत माळी, वैद्य, कराडचा लोखंडाचा व्यापारी यांच्या दानांचे लेख आहेत, स्त्रियांच्या दानांचेही आहेत. माळ्याचे दान खालचे आणि वैद्याचे वरचे असे संघाने मानले नाही. दौलताबादच्या हौदावर पहारेकरी होता. पोढीच्या पाण्यावर माणसाच्या जन्माचा पहारा नव्हता. आपल्या मुलांनी डोंगरात जाऊन शिकायचे ते हे.

म्हणून आमचे मत असे की मुलांना जरूर पाठवावे, आणि मुलींनाही पाठवावे. ज्या धम्मात भिक्खुणी गावोगाव चालल्या, रानात राहिल्या आणि ज्यांचे उद्गार थेरीगाथेत जतन झाले, त्या धम्माच्या घरात मुलीला 'तू बाई आहेस' म्हणून उंबऱ्याआत ठेवणे शोभत नाही. बरोबर कोण आहे, मुक्काम कुठे आहे, जबाबदार कोण आहे, हे आईवडिलांनी जरूर विचारावे. पण ते मुलालाही तितकेच विचारावे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. पावसाळ्यात नदीकाठी मुक्काम करू नये. कोकणातली नदी रात्रीत कशी चढते, हे २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणने पाहिले आहे. उन्हाळ्यातही नदीच्या पात्रात झोपू नये, काठापासून दूर आणि उंचावर झोपावे. जगबुडी आणि वाशिष्ठी या नद्यांत मगरी आहेत. म्हणून गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही डोहात उतरू नये आणि अंधारात तर मुळीच नाही. पोहता येते असे सांगणाऱ्यावर विश्वास टाकून खोल पाण्यात जाऊ नये. लेणी ही संरक्षित स्मारके आहेत. तेथे चूल पेटवू नये, मुक्काम करू नये, भिंतीवर नावे कोरू नयेत. आपल्या पूर्वजांच्या दानावर आपणच कोळशाने रेघोट्या ओढाव्यात, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

दारूविषयी वेगळे सांगायला नको. हल्ली नदीकाठचा मुक्काम म्हणजे बाटल्या आणि कर्णा असा समज झाला आहे. पंचशीलातले पाचवे शील घरापुरते घेतलेले नाही. नदीच्या काठावर ते मोडले तर त्यात जीवही जातो.

आणि शेवटची गोष्ट. मुलांना निघताना एवढे सांगा की कुणी नाव-गाव विचारले तर खरे सांगायचे. शहरात काही मुले आडनाव बदलून सांगतात. आम्ही त्यांच्यावर रागावत नाही, कारण त्यामागची भीती आम्ही ओळखतो. पण १९०१ च्या त्या रात्री जकात नाक्यावर खोटे सांगूनही पाणी मिळाले नाही. आम्ही त्या वाडीत खरे सांगितले म्हणून आमचे मित्र कोण, हे आम्हाला कळले. पंचवीस वर्षे झाली, पाचही जण पोटापाण्यासाठी पाच ठिकाणी आहेत, पण मुलांच्या लग्नापासून घरातल्या दुखण्यापर्यंत एकमेकांच्या दारात उभे राहतात.

तेव्हा मातांनो, पोरांच्या पिशवीत भाकरी जास्त बांधा, दोघा-तिघांना पुरेल एवढी. पाण्याची बाटली मोठी द्या. आणि परत आल्यावर डोंगर किती उंच होता हे विचारण्याआधी, पाणी कुणी दिले आणि कुणाबरोबर प्यालास, हे विचारा.

जयभीम!