'इरिटेटिंग' म्हणजे नुसती कटकट नव्हे



कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी हल्ली एक इंग्रजी शब्द सारखा असतो. गारगोटीच्या स्टँडवर एस.टी. उशिरा आली, 'इरिटेटिंग'! वीज गेली, 'इरिटेटिंग'! आपण ज्याला कटकट किंवा डोक्याला ताप म्हणतो, तोच हा अर्थ.

पण हाच शब्द कीटकनाशकाच्या बाटलीवर दिसला, तर तो हसण्यावारी नेऊ नका. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ डिवचणे. माणसाला डिवचले की चीड येते. कातडीला, डोळ्याला डिवचले की आग होते. बाटलीवर हा दुसरा अर्थ घ्यावयाचा. खाजकुइली अंगाला लागली की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. औषध डोळ्यात गेले तर त्याहून वाईट.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

बाटलीवरील रंगीत त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे पाणी नव्हे. तसेच, अंगाला झोंबले नाही म्हणून धोका नाही असे समजू नका. काही जहाल विषे न झोंबताच कातडीतून अंगात भिनतात.

फवारताना हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. औषध अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढून साबणाने अंग धुवा. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडा. घाम, लाळ, उलटी, धाप किंवा अंधारी आल्यास क्षणही न दवडता दवाखाना गाठा आणि बाटलीवरील माहिती डॉक्टरांना दाखवा.

भगिनींनो, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. ते हातमोजे घालून वेगळे धुवा.

औषधासोबत माहितीपत्रक असते, त्यात मराठी मजकूरही असतो. दुकानदाराकडून ते मागून घ्या. बाटलीवरचे इंग्रजी कळले नाही, तर झाकण उघडण्यापूर्वी घरातल्या शिकल्या पोरा-पोरींना वाचायला सांगा. शब्द त्यांच्या रोजच्या वापरातलाच आहे. त्याचा बाटलीवरचा अर्थ मात्र आता तुम्ही त्यांना सांगा.