हिशेब मागा!

गिरणीकामगार बंधू-भगिनींनो, पगारात दहा रुपये कमी आले तर आपण जाब विचारतो. मग सरकारी तिजोरीचा जाब का विचारू नये?

राजस्थानातल्या मजुरांनी तो विचारला. मस्टरवर खोटी नावे, मजुरी भलत्याच्याच खिशात! १९९६ साली ते ब्यावरला ४० दिवस धरणे धरून बसले. २००३ साली आझाद मैदानावर अण्णा हजारे यांनी उपोषण केले. २००५ साली माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा झाला. अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवसांची.

पण २०१० साली तळेगावात माहिती मागणाऱ्या सतीश शेट्टींचा खून झाला. एकट्याला गाठणे सोपे असते. अख्ख्या चाळीला कोण गाठणार? म्हणून आम्ही सांगतो, अर्जावर एकाची सही, पण पाठीशी सारी चाळ उभी करा!