फळातले रत्न आणि झाडावरचे प्रेत

वेताळाची गोष्ट कोठून सुरू करावी, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पण ज्यांनी ‘चांदोबा’ वाचला आणि १९८५ साली दूरदर्शनवर सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिकाही पाहिली, त्यांना हा प्रश्न तितका पोरकट वाटणार नाही.

‘चांदोबा’तली वेताळकथा एकदम मधूनच सुरू होई. हट्टी विक्रम झाडाकडे परततो, प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो. प्रेत कोणाचे, ही हमाली कोणासाठी, काही सांगणे नाही. उलट प्रेतातला वेताळच राजाला विचारी, की अपरात्री हा खटाटोप कशासाठी? म्हणजे वाचकाच्या मनातला प्रश्न वेताळाच्याच तोंडी! उत्तर न मिळताच गोष्ट सुरू. वर शंकर (के. सी. शिवशंकरन) यांचे ते चित्र : हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबते प्रेत. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही हेच चित्र आपल्या ‘चंदमामा’त पाहिलेले असणार.

मालिकेने मात्र योग्याचे प्रकरण आधी सांगून मगच राजाला झाडाकडे धाडले. याला आधार आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त भिक्षू रोज राजाला फळ देतो, एके दिवशी माकड ते फोडते आणि आतून रत्न निघते, तेथून सारे सुरू होते. (तेथला राजा त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. उज्जैनकरांनी रागावू नये.) तेव्हा ग्रंथप्रामाण्य पाहिले तर मालिकाच खरी. सज्जन यांचा पांढऱ्या केसांचा वेताळही झकास होता, हे कबूल केलेच पाहिजे.

तरीही माझे मत ‘चांदोबा’लाच. ज्या गोष्टीला आरंभ सांगितला, तिला शेवट सांगणे भाग पडते. मालिका संपली. ‘चांदोबा’चा वेताळ पंचविशी ओलांडून शेकडो गोष्टी सांगत राहिला, कारण राजा कोठून निघाला हे दर महिन्याला सांगायची त्याला गरजच नव्हती. शिवाय राजा मुका. त्यामुळे वेताळाचा प्रश्न आला, की पान उलटण्याआधी उत्तर आपणच शोधायचे. पडद्यावर अरुण गोविल बोलेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे आम्हाला काम नव्हते.

आणखी एक गोष्ट आम्हा लोधीखेड्याच्या मंडळींनाच टोचणारी. घरात मराठी, शाळेत हिंदी, अशी आमची तऱ्हा. नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीने कोणी ‘चांदोबा’ आणला तर तेवढेच मराठी गद्य डोळ्यांखालून जायचे. ‘श्रमपरिहार’ हा शब्द मला कोणा गुरुजींनी शिकवला नाही, वेताळाने शिकवला. मालिका आली आणि गल्लीतली पोरे वेताळाला ‘बेताल’ म्हणू लागली. मराठीत बेताल म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे? ती छोटी लाईन २०१५ साली बंद झाली. ‘चांदोबा’ही आता निघत नाही.

आपल्या ग्रंथालयात किंवा कोणाच्या माळ्यावर जुने अंक असतील, तर रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी ते बांधून घ्यावेत. बांधणीचा खर्च मराठी आणि कन्नड मंडळांनी निम्मा-निम्मा उचलायला हरकत नसावी. चित्रे तर दोघांची एकच आहेत.