नकाशाचा संगणक अडला तर घाई करू नका



शेततळ्याचा नाहीतर ठिबकच्या नळ्यांचा आराखडा हवा असला की पूर्वी तालुक्याला खेटे घालावे लागत. आता पुष्कळ घरांतली मुले-मुली अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आली आहेत. ऑटोकॅडसारख्या प्रोग्रामवर ती घरच्या पडवीत बसून नकाशे काढतात, चार पैसेही मिळवतात. अशा घरांतून अलीकडे एक तक्रार ऐकू येते : "संगणकात नवी विंडोज घातली, ती मानवली नाही म्हणून जुनीवर परत आलो, आणि तेव्हापासून नकाशाचा प्रोग्रामच उघडत नाही."

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास अनेकांनी विंडोज ११ घेतली. नवी घेतल्यावर साधारण दहा दिवसांत जुनीवर परतण्याची सोय असते. तोवर जुनी विंडोज एका वेगळ्या कप्प्यात राखून ठेवलेली असते. मुदत उलटली की संगणक ती आपोआप काढून टाकतो. ही सोय चांगली आहे, परंतु जाऊन-येऊन सगळे जसेच्या तसे राहील अशी खात्री धरू नये.

बिघाड कसा होतो?

आपल्याला वाटते की प्रोग्राम म्हणजे एकच वस्तू. तसे नाही. त्याच्या फाइली एका जागी असतात, तुमच्या आवडीनिवडीची मांडणी दुसऱ्या जागी, परवाना तिसऱ्या जागी, आणि या साऱ्यांची नोंद विंडोजच्या नोंदवहीत असते. तिला रजिस्ट्री म्हणतात. शिवाय काही भाग अनेक प्रोग्राम मिळून वापरतात, चार भावांची सामाईक विहीर असावी तसे. व्हिज्युअल सी प्लस प्लस आणि डॉट नेट ही अशा सामाईक भागांची नावे.

आता समजा, नवी विंडोज असताना तुम्ही प्रोग्रामची दुरुस्ती घेतली किंवा एखादी जोडणी बसवली आणि मग जुनीवर परतला. मधल्या काळात बसवलेले प्रोग्राम परतताना जातात, बदललेली मांडणीही जाते. त्यातच काही फाइली राहिल्या आणि नोंदी गेल्या, किंवा उलट झाले, तर जमीन एकाच्या कब्जात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे अशी गत होते. प्रोग्राम उघडतो आणि लगेच मिटतो. कधी अमुक भाग सापडत नाही असे सांगतो, तर कधी परवानाच मानत नाही.

पहिले काम : नकाशे सांभाळा

प्रोग्राम हे अवजार आहे. मोडले तर दुसरे बसवता येते. नकाशे हे बियाणे आहे. ते गेले तर मोजणीपासून सुरुवात करावी लागेल. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्व नकाशे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि दुसऱ्या संगणकावर ते उघडतात का हे पाहा. ऑटोकॅड नकाशाशेजारी 'बॅक' या शेपटाची आधीची प्रत ठेवतो, तीही घ्या. मूळ नकाशा बिघडलाच तर त्या प्रतीचे शेपूट बदलून 'डीडब्ल्यूजी' केले की ती उघडता येते. प्रोग्राम चालू असेल तर 'रिकव्हर' ही आज्ञा बिघडलेला नकाशा दुरुस्त करून पाहते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. न उघडणारा प्रत्येक नकाशा बिघडलेला नसतो. २०१८ च्या नमुन्यात जतन केलेला नकाशा २०१७ किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये उघडतच नाही. नव्या प्रोग्राममधून जुन्या नमुन्यात जतन केला की काम होते.

दुसरे काम : विंडोज तपासा

पायाच खचला असेल तर वरची भिंत लिंपून उपयोग नाही. कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावी. तीत 'एसएफसी' लिहून जागा सोडावी, पुढे तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'स्कॅननाऊ' असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. विंडोज आपल्या फाइली स्वतः तपासते आणि बिघडलेल्या शक्य तेवढ्या बदलते. यास वेळ लागतो; मध्येच वीज जाणार नाही असे पाहून सुरू करावे. नंतर विंडोजच्या राहिलेल्या सुधारणा घ्याव्यात आणि संगणक एकदा बंद करून चालू करावा.

तिसरे काम : प्रोग्रामवर क्रमाने इलाज

सौम्य इलाज आधी, कडक नंतर. ऑटोकॅडबरोबर 'रीसेट सेटिंग्ज टू डीफॉल्ट' अशी सोय येते. मांडणी बिघडली असेल तर तेवढ्याने भागते. बदलण्याआधी जुन्या मांडणीची प्रत ठेवायची का असे ती विचारते, 'होय' म्हणावे.

तेवढ्याने न जमल्यास कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रामांच्या यादीत जाऊन 'रिपेअर' हा पर्याय असेल तर तो वापरावा. सामाईक विहिरीचीही दुरुस्ती करावी, म्हणजे व्हिज्युअल सी प्लस प्लसचे भाग त्याच यादीतून 'रिपेअर' करावेत. परवान्याची अडचण असेल तर प्रोग्राममधून आपल्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत शिरून पाहावे.

हेही न जमले तर प्रोग्राम पूर्ण काढून नव्याने बसवावा. काढण्यापूर्वी खात्याचे नाव, पासवर्ड, परवान्याचा क्रमांक वहीत लिहून घ्या. काढल्यावर मागे राहिलेले कप्पे साफ करावेत, संगणक पुन्हा चालू करावा, मगच नवा बसवावा. जुन्यावरच नवा बसवला तर पहिलाच घोळ नव्यातही उतरण्याची भीती असते.

संगणक फॉरमॅट करणे हा शेवटचा उपाय आहे. त्यात डिस्कवरचे सारे पुसले जाते. दुकानात नेल्यावर कोणी पहिल्याच वाक्यात "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले, तर वरील तीन कामे केली का, असे विचारा. "क्रॅक" केलेली फुकट प्रत बसवून देतो म्हणाले तर घेऊ नका. ती बेकायदा तर असतेच, शिवाय तिच्याबरोबर विषाणू शिरण्याचा धोका असतो. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ऑटोकॅडचा एक वर्षाचा परवाना मोफत मिळतो व पात्रता असेपर्यंत नूतनीकरण होते. मात्र पैसे घेऊन करायच्या कामाला तो चालत नाही.

दुरुस्तीनंतर पारख करा

प्रोग्राम उघडला म्हणजे काम संपले असे नाही. मूळ मांडणीवर गेल्यावर नव्या नकाशाचा साचा इंचाचा आहे की मेट्रिक, हे आधी पाहावे. मग हिशोब माहीत असलेला जुना नकाशा उघडून ताडावा. उदाहरणार्थ, वर ३० बाय ३० मीटर, तळाशी २४ बाय २४ मीटर आणि ३ मीटर खोल असे शेततळे घ्या. त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. बाजूंचा उतार विसरून नुसता ३० गुणिले ३० गुणिले ३ केला तर २,७०० येतात. कागदावरचा हा फरक खोदाईच्या बिलात आणि उन्हाळ्यातल्या पाण्यात उतरतो. आकडा जुळला तरच नवे काम हाती घ्या.

पुढच्या वेळेसाठी

पेरणीच्या तोंडावर कोणी तिफण खोलून बसत नाही. तसेच अर्जाची मुदत जवळ असताना विंडोज बदलू नये. हातातले काम संपवावे, नकाशांची प्रत दुसरीकडे ठेवावी, आपल्याकडील सालचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतो का हे बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत पाहावे, मगच बदल करावा. बदलल्यावर पहिल्या दोन दिवसांतच सर्व कामे करून पाहावीत. परतायचेच ठरले तर मधल्या दिवसांत नवे काहीही बसवू नये.

घरातल्या मुलांना हे वाचून दाखवा. नकाशांची एक प्रत मात्र आज संध्याकाळीच पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगा.