चेकाळलेला आर्कन

'एक्सकॉम २' खेळणाऱ्यांची एक सवय आर्कन समोर आला की महागात पडते. नेम लागण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत दिसते. आकडा बरा वाटला की झाडायची गोळी, ही बहुतेकांची रीत. चकाकत्या चिलखतातला, हाती दंड घेऊन हवेत तरंगणारा हा परग्रहवासी गोळी खातो, पण मरत नाही. उलट चेकाळतो. पुढच्या टर्नला त्याला बऱ्याचदा जादा कृती मिळते, आणि मग आडोशामागचा सैनिकही सुरक्षित राहत नाही.

व्यूहरचनेच्या गेममध्ये शत्रू असाच असावा.

याचे पूर्वज १९९४ सालचे. ज्युलियन आणि निक गोलॉप या भावांनी केलेल्या, मायक्रोप्रोजने बाजारात आणलेल्या मूळ गेममध्ये 'फ्लोटर' होते. धड माणसासारखं, कमरेखाली यंत्र. तेव्हाची चित्रं आज बाळबोध वाटतील, पण कोपऱ्याकोपऱ्यावर बंदूक रोखून पुढे सरकणाऱ्या तुकडीला या फ्लोटरांनी वर बघायला शिकवलं. नकाशाला उंची असते, हे त्यांच्यामुळे अंगवळणी पडलं.

फिरॅक्सिसने २०१२ मध्ये जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली हा गेम नव्याने घडवला, तेव्हा फ्लोटर आभाळात झेपावून थेट सैनिकांच्या पाठीमागे उतरू लागला. ज्या भिंतीच्या भरवशावर खेळाडू निवांत होता, ती भिंत एका झेपेत कुचकामी! पुढे मात्र 'हेवी फ्लोटर' आला आणि गंमत थोडी ओसरली. युक्ती बरीचशी तीच, फक्त जीव जास्त. हा कारागिरीतला आळसच.

२०१६ चा आर्कन त्या आळसावरचा उतारा ठरला. कथेत तोवर परग्रहवासी पृथ्वीचे राज्यकर्ते झालेले असतात. प्रजेसमोर अर्धं शरीर कापलेला राक्षस कसा मिरवणार? म्हणून त्याच फ्लोटरला देखणं रूप दिलं गेलं. सत्तेची रंगसफेदी इतक्या नेमकेपणाने मांडणारं पात्र गेममध्ये क्वचितच सापडतं.

आता प्रत्यक्ष लढत. तिघे सैनिक एका गाडीआड आहेत, नेमबाज छतावर. आर्कन उंच झेपावतो आणि सैनिकांच्या आसपास जमिनीवर खुणा उमटतात. पुढच्या टर्नला तिथे क्षेपणास्त्रं कोसळणार. गाडीआड थांबावं तर गाडीसकट उडायची भीती. पळावं तर दुसऱ्या शत्रूच्या माऱ्यात सापडायची. छतावरच्याचं तर छतच जाऊ शकतं. मुरलेला खेळाडू ही वेळ येऊच देत नाही. आधी फ्लॅशबँगने आर्कनला भांबावून टाकतो, म्हणजे त्याला ही झेप घेताच येत नाही. मग हिशेब करतो: ग्रेनेडचा मार पक्का, बंदुकीचा बेभरवशाचा, आणि दोन्ही मिळून तो मरेल का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याला या टर्नला डिवचायचंच नाही.

हे न डिवचणं अवघड असतं, कारण या गेमच्या कित्येक मोहिमांत टर्नची मर्यादा आहे. त्या मर्यादेवर खेळाडूंनी पुष्कळ बोटं मोडली. आर्कनच्या बाबतीत तरी ती रास्तच वाटते. वेळ अमर्याद असता तर हिशेबाला धारच राहिली नसती.

नंतरच्या 'एलियन हंटर्स' या जोडभागात मात्र फिरॅक्सिसने हात सैल सोडला. त्यातला 'आर्कन किंग' सुरुवातीच्या स्वरूपात खेळाडूच्या प्रत्येक कृतीनंतर प्रत्युत्तर द्यायचा. सैनिक दोन पावलं सरकला, त्याची खेळी. दुसऱ्याने बंदूक भरली, पुन्हा त्याचीच. साधा आर्कन उतावळेपणाची शिक्षा देतो, हा राजा विचारपूर्वक केलेल्या चालीलाही तीच शिक्षा देतो. त्याच्या दरबारात शहाणा आणि धसमुसळा दोघेही जवळपास सारखेच भरडले जातात, आणि अशा वेळी खेळाडू डावपेच आखणं सोडून जुना सेव्ह उघडतो.