थंडीनें करपलेली केळ : विळ्याची घाई नको

कल्याण, बदलापूर व मुरबाड या बाजूस पौष-माघांत कांहीं रात्री अशा जातात कीं, पुढें चार-आठ दिवसांत केळीचीं पानें पिवळीं पडून कडेनें करपूं लागतात. ठाण्याच्या खाडीकांठीं समुद्राची ऊब असते. उल्हास नदीच्या खोऱ्यांत मात्र गार हवा खोलगट जागीं सांचून राहते. निफाडास डिसेंबर २०१८ मध्यें पारा २ अंशांखालीं उतरून द्राक्षांच्या पानांवर दंव गोठलें, तसें आपल्याकडे होत नाहीं. परंतु केळीच्या नुकसानीस बर्फ लागत नाहीं. हवा १०-१२ अंशांवर आली कीं मुळ्या पाणी ओढीनाशा होतात व वाढ खुंटते.

अशा वेळीं पुष्कळ बागाईतदार विळा घेऊन सगळीं पानें छाटतात आणि बुंध्याशीं युरिया टाकतात. आमचे मतें थंडी सरेपर्यंत हीं दोन्ही कामें करूं नयेत. अर्धें हिरवें पान अद्याप झाडास पोशीत असतें आणि वाळून लोंबणारें पान खांबाभोंवतीं पांघरुणासारखें राहतें. करपा रोगाचे ठिपके असलेलीं पानें तेवढीं काढून बागेबाहेर जाळावीं. गारठलेल्या मुळ्यांस युरिया घेतां येत नाहीं. तो पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणजे पैसेच वाहून जातात.

धीर धरण्यास आधार आहे. केळीचा खांब म्हणजे एकांत एक गुंडाळलेलीं सोपटें. कमळ धरण्यापूर्वीं वाढीचा खरा कोंब जमिनीलगत गड्ड्यांत सुरक्षित असतो. तो शाबूत असल्यास शिमग्याच्या सुमारास नवें पान आपोआप वर येतें. तोंवर बुंध्याशीं भाताचा पेंढा वीतभर पसरावा. आपल्या भागांत पालापाचोळा सारा राबासाठीं राखून ठेवतात. त्यांतला थोडा केळीस दिल्यानें राब उपाशी राहणार नाहीं! संध्याकाळीं विहिरीचें पाणी हलकें द्यावें, कारण तें रात्रीच्या हवेहून उबदार असतें. पहाटे वाऱ्याच्या बाजूस ओल्या काडीकचऱ्याचा धूर करणेंही उपयोगी पडतें. नवें पान उलगडल्यावर मग खत.

घड खांबांतच अडकला असेल तर मात्र वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा एक जोमदार मुनवा राखावा, बाकीचे काढावे, आणि जुना खांब कापून त्याचे तुकडे तेथेंच आच्छादनास घालावे.